शुक्रवारचा बायकांचा खेळ

आधी मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्याकडून शहाणपणाची अपेक्षा ठेवणार नाही. आमच्या टॉकीजमधले ढेकूण मारायला मी खुर्च्यांमध्ये थिनर ओतलं होतं. थिनर म्हणजे कंपनीत गाड्यांचा रंग पातळ करायला वापरतात ते. ढेकणांना रॉकेल असतं, उकळतं पाणी असतं, कडक ऊन असतं. आपल्या आज्या-पणज्या काय ढेकणांशी गप्पा मारत बसल्या नव्हत्या. पण मी अकरावीला सायन्सला होते. रसायनशास्त्राचं पुस्तक नवं कोरं होतं आणि डोकंही तसंच, न वापरलेलं.

तेव्हाची मी कशी होते हेही सांगायला हवं. चाळीतल्या कुणा मुलीकडे कानात डूल होते, कुणाचे केस गुडघ्यापर्यंत लांब होते. माझ्याकडे किळस होती. ती मी दागिन्यासारखी मिरवायचे. नळावर शेवाळ दिसलं की 'ईऽऽ', कुणी आमटीचा भुरका मारला की 'शीऽऽ', आणि घराबाहेर पडले की नाकाला रुमाल. त्या रुमालावर मी पावडर शिंपडायचे. नाकपुड्या वर खेचून चाळीतून चालणारा तो चेहरा आठवला की त्या पोरीच्या एक कानाखाली द्यावीशी वाटते. पण ती आता सापडत नाही, आणि सापडलीच तर तिचे गुडघे इतके दुखतात की मारायचा हातच उठू नये.

आम्ही मूळचे बार्शीकडचे. दादा म्हणजे माझे वडील पिंपरीला एका कंपनीच्या पेंट शॉपमध्ये लागले आणि आई मागोमाग ज्वारीचं पोतं, खलबत्ता आणि मला घेऊन आली. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे सामाईक व्हरांडा. घराचं घड्याळ म्हणजे कंपनीचा भोंगा. भोंग्यावर दादांचा डबा भरायचा, भोंग्यावर दुधाला विरजण लागायचं, आणि पाळी सुटल्याचा भोंगा झाला की चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज सुरू व्हायचा. दादांच्या आधी दादांचा वास घरात शिरायचा. गोडसर, डोकं धरणारा, थिनरचा वास. त्यांच्या नखांच्या कडांत त्या दिवशीच्या गाड्यांचा रंग असायचा, कधी निळा, कधी पोपटी. साबणानं तो जात नसे, म्हणून पेंट शॉपमधले सगळेच एखादी बाटली थिनर घरी आणत. गेटवर कुणी विचारत नसे. पण कुणी बोट दाखवून सांगितलं असतं तर ती सरळ चोरी होती आणि चोरीला नोकरीवरून काढून घरी बसवत. आमची बाटली मोरीत, राखेच्या डब्यामागे असायची. दादा चिंधीनं बोटं पुसायचे, मग साबण लावायचे, मग ताटावर बसायचे. कडक भाकरी मोडल्याचा आवाज, शेंगाचटणीवर तेलाची धार, कांदा बुक्कीनं फोडायचा. आणि मी ताट घेऊन उंबऱ्याबाहेर बसायचे. 'मला वास सहन होत नाही,' म्हणायचे. ज्या वासाच्या जिवावर माझं कॉलेज चाललं होतं, तो मला सहन होत नव्हता! दादा उठून पुन्हा एकदा हात धुऊन येत. हे लिहिताना मला माझी शिसारी येते आहे, आणि ही मात्र खरी, पावडर लावलेली नव्हे.

टॉकीजला काहीतरी नाव होतं, पण जवळपास दुसरी नव्हतीच, त्यामुळे 'टॉकीज' म्हटलं की पुरे. जुनी माणसं सांगत की आधी तिथं खळं होतं. सुगी संपली की तंबूवाला यायचा, मध्ये पडदा बांधायचा, एका अंगाला पुरुष आणि दुसऱ्या अंगाला बायका बसवायचा. म्हणजे बायकांना अख्खा सिनेमा उलटा दिसायचा. हौसामावशी तर कित्येक वर्षं समजत होती की सिनेमातली सगळी माणसं डावखुरी असतात. पुढे कंपन्या आल्या, कामगार आले, तंबूचा पत्र्याचा मांडव झाला आणि मांडवाची सिमेंटची इमारत. खेळांच्या वेळा भोंग्याशी बांधलेल्या. पाळी सुटली की माणसं डब्याच्या पिशव्यांसकट थेट आत.

आणि आत काय? भिंती कमरेपर्यंत पानाच्या पिंकांनी लाल. पायाखाली शेंगांची टरफलं, विडीची थोटकं, आणि काय काय ते अंधारात कळू नये म्हणूनच बहुधा सिनेमा अंधारात दाखवत. पुरुषांची मुतारी पडद्यामागच्या भिंतीला लागून; तिचा ओघळ उतार शोधत पहिल्या रांगेपर्यंत यायचा. बायकांसाठीही एक बांधलेली होती, पण तिला कायम कुलूप. आत मालकानं सोड्याच्या बाटल्यांचे क्रेट रचले होते. बायका घरूनच पाणी न पिता यायच्या. खुर्च्यांचं मरून रेक्झिन जागोजाग फाटलेलं, त्यातून पिवळा फोम डोकावायचा आणि फोममधून ढेकूण. आता तिथं उंच कॉम्प्लेक्स उभं आहे. खाली मोबाइलची दुकानं, वर जिम. मध्यंतरी टॉकीज बंद पडून तिचं मंगल कार्यालय झालं होतं, मग गोडाऊन. मागच्या वर्षी मी मुद्दाम त्या कॉम्प्लेक्सच्या जिन्यात जाऊन पाहिलं. लोकांनी थुंकू नये म्हणून कोपऱ्यात सगळ्या धर्मांच्या देवांच्या टाइल्स लावल्यात, आणि देवांच्या बरोब्बर चार बोटं बाजूला ताजी पिंक. नेम चुकत नाही आमच्या लोकांचा.

दर शुक्रवारी दुपारी मात्र त्या टॉकीजमध्ये फक्त बायकांचा खेळ असे. पुरुष पहिल्या पाळीला, पोरं शाळेत; पाळी सुटायच्या आत खेळ संपायचा. त्या दिवशी बायकांच्या दारावर माझी आई असायची. सकाळी तीच अख्खी टॉकीज झाडायची, फिनेल मारायची, मग घरी येऊन आंघोळ करून, ठेवणीतलं पातळ नेसून, कपाळभर कुंकू लावून तिकिटं फाडायला उभी राहायची. मी कॉलेजात सांगायचे, 'आई टॉकीजची व्यवस्था बघते.' खराटा व्यवस्थेतच मोडतो ना, मग खोटं काय त्यात?

बायका चिखलीहून, रहाटणीहून, कुठून कुठून चालत यायच्या. देवाचा सिनेमा असला की दाराबाहेर चपलांची रास पडायची. पडद्याला हळदकुंकू वाहायच्या, खाली नारळ फोडायच्या, उदबत्त्यांचा घोस लावायच्या. दोन खुर्च्यांच्या दांड्यांना झोळी बांधून तान्ही पोरं निजवायच्या, आणि झोळीतून गळायचं ते खालच्या ओघळाला जाऊन मिळायचं. भाकरी-ठेचा सुटायचा, मिश्रीच्या डब्या उघडायच्या. आता माझी नात मला मॉलमध्ये सिनेमाला नेते. तिथली खुर्ची बटण दाबलं की आजारी माणसासारखी आडवी करते, आणि शेजारचा बादलीभर मक्याच्या लाह्या चीज लावून खातो. त्या चीजच्या वासानं मला अजून मळमळतं. पण तिथं कुणी कुणाशी बोलत नाही हे त्याहून घाणेरडं. आमच्याकडे तर पडद्याशीही बोलायच्या.

हौसामावशी त्यात पुढे. ती रहाटणीच्या मूळच्या शेतकरी घरातली, मंडईत मेथी-कोथिंबीर विकायची. शुक्रवारी टोपली लवकर उरकून ती चांगल्या रांगेतली मधली खुर्ची धरायची आणि देवाला सल्ले द्यायची. 'आरं, वर दिऊ नगंस त्येला! मागच्या येळंला काय झालं इसरलास व्हय?' मी तिच्या शेजारी पाय वर घेऊन, रुमाल लावून बसलेली.

'ए कालेजवाली, पाय खाली सोड की. बगळ्यावानी काय बसलीस?'

'मावशी, ढेकूण आहेत.'

'मंग? आसूंद्यात. तिकीट काढल्याबिगर न्हाई सोडलं तुज्या आईनं त्यास्नी.'

सगळी रांग हसली. मी रागानं लाल झाले. ढेकणांपेक्षा मला तेच जास्त चावलं.

आता त्या शुक्रवारचं. माझ्या वर्गात नीलिमा नावाची मुलगी होती, कंपनीतल्या साहेबाची, बंगल्यात राहणारी. तिच्या वह्यांनाही सुवास यायचा. ती एकदा सहज म्हणाली, 'तुमच्याकडे बायकांचा सिनेमा असतो ना? मला बघायचाय गं.' झालं. माझ्या पायाखालची फरशी सरकली. नीलिमा आणि तो ओघळ! नीलिमा आणि ते ढेकूण! ओघळाचं मला काही करता येण्यासारखं नव्हतं, पण ढेकणांना मी सोडणार नव्हते. मी चाळीत घरोघर फिरले, 'प्रॅक्टिकलसाठी थिनर हवंय' म्हणून पेंट शॉपवाल्यांच्या बायकांकडून बाटल्या गोळा केल्या. शुक्रवारी सकाळी आई झाडून घरी आंघोळीला गेली तशी मी आत शिरले आणि बायकांच्या चांगल्या दोन रांगांच्या शिवणींत, भोकांत, जिथून फोम दिसेल तिथून ओतत सुटले. थोड्या वेळानं रेक्झिनवर हात फिरवून पाहिला तर कोरडं. उडून गेलं, असं माझ्या विज्ञानानं ठरवलं. खाली फोम ते पिऊन फुगून बसला होता, हे विज्ञानाला कळलं नाही. वास फिनेलमध्ये मिसळून गेला.

दारात आईपाशी उभी राहून मी वाट बघितली, पण नीलिमा आलीच नाही. घरी पाहुणे होते म्हणे. मला वाटतं, तिच्या लक्षातही नव्हतं.

सिनेमा देवीचा होता. दिवे मालवले, बायका सैलावल्या, वजनानं फोम दाबला गेला आणि थिनर वर येऊ लागलं. आधी सगळ्या नुसत्या चुळबुळल्या. मग पडद्यावर ढगांतून देवी प्रकट झाली, शंख वाजला, आणि त्याच घटकेला हौसामावशी 'आयाईऽऽ गं!' करून ताडकन उभी राहिली. दोन्ही हात वर, अंग थरथरतंय.

'अंगात आली!' दारातून आई ओरडली आणि तिनं हात जोडले.

तेवढ्यात मावशीच्या पलीकडची उठली. मग मागची. मग ओळीनं सगळ्याच किंचाळत, घुमत उभ्या. एवढ्या जणींना एकदम झपाटणारी देवी टॉकीजनं कधी पाहिली नव्हती. पहिल्या रांगेतल्या बायका धावल्या, कुणी मावशीच्या कपाळावर कुंकू थापलं, एक म्हातारी तर तिच्या पायाला मिठी मारून बसली. 'आई जगदंबे, माझ्या सुनेला पोरगं कवा हुईल तेवढं सांग!'

'आगं भवाने, सुनंचं काय इचारतीस!' जगदंबा ओरडली. 'माझ्या बुडाला आग लागलीया! पानी आन, पानी!'

मी हसले. हो, खोटं कशाला बोलू, आधी मला हसूच आलं. मग दिवे लागले.

उठलेल्या प्रत्येकीच्या पातळावर मागच्या बाजूला खुर्चीचा मरून रंग उतरला होता. मोठा, ओला, लालकाळा डाग. चिखलीहून आलेली एक नवी सून कातडी भाजल्यामुळे रडत होती, आणि ती दुसऱ्यांच्या पाठीकडे बघून आपल्या पाठीला काय असेल ते ओळखत होती. तिनं लग्नातलं पातळ नेसलं होतं. पडद्याखाली उदबत्त्यांचा घोस अजून धुमसत होता. एवढ्या थिनरच्या वासात. एक ठिणगी पुरली असती, हे तेव्हा मला सुचलंही नाही; फार वर्षांनी एकदा फोडणी करताना सुचलं, आणि मी आधी गॅस बंद केला.

मालक आला. पांढरा शर्ट, पांढरी पँट, गालात तोबरा. त्यानं खुर्च्या पाहिल्या, बायकांची पातळं पाहिली. बायकांचा खेळ त्याला कधीचा बंद करायचा होता. त्या वेळेला कसले सिनेमे लावले तर गर्दी होईल हे तो येता-जाता सगळ्यांना ऐकवायचा. थिनरचा वास त्याला आला नाही असं होणारच नाही. भिंतींनाही आला असता. पण त्याला हवं असलेलं कारण समोर पाठमोरं उभं होतं. तो तिथंच कोपऱ्यात पचकन थुंकला आणि मोठ्यानं म्हणाला, 'विटाळशी बायका देवीच्या सिनेमाला येऊन बसतात, मग देवी कोपणार नाही तर काय? माझ्या खुर्च्या नासवल्या. बंद करा हे थेर.'

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण आईनं माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली. तिनं मला हुंगलं होतं. कानाशी येऊन ती एवढंच म्हणाली, 'दादांची नोकरी.' मी तोंड मिटलं.

तेवढ्यात पाळी सुटल्याचा भोंगा झाला. बायकांचं दार बाजूच्या बोळात उघडायचं. मालकानं ते मुद्दाम उघडू दिलं नाही; बाहेर पाळीची माणसं जमेपर्यंत सगळ्यांना आतच ठेवलं. मग समोरचं मोठं दार उघडलं. बाहेर पुढच्या खेळाला पहिल्या पाळीची सगळी गर्दी उभी. त्यातून बायकांना जावं लागलं. कुणी पिशवी मागे धरली, कुणी झोळीतलं पोर पाठीशी घेतलं, दोघी-दोघी एकमेकींना चिकटून चालल्या. हौसामावशी शेवटी निघाली, काहीही न झाकता. कुणीतरी शिट्टी मारली. कुणीतरी म्हणालं, 'काय राव, देवीनं परसाद वाटला वाटतं!' आणि हशा पिकला. हे परके कुणी नव्हते. आमच्याच चाळीतले, आईकडून वाटी वाटी शेंगाचटणी नेणारे. त्या हसण्याची किळस मला आजही येते, आणि तिला पावडर लावून चालत नाही. गर्दीत दादाही होते. ते हसले नाहीत. त्यांनी एकदा हवा हुंगली, माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्या दिवसापासून आमच्या घरात ती बाटली कधी आली नाही. दादा नखांत रंग घेऊनच जेवायला बसू लागले, आणि मी उंबऱ्याच्या आत, त्यांच्या शेजारी.

पुढच्या शुक्रवारी टॉकीजवर उघड्या पाठीच्या बाईचं पोस्टर लागलं. वर 'फक्त प्रौढांसाठी'. भरदुपारी रात्रपाळीच्या पुरुषांची रांग, कुणी ओळखू नये म्हणून तोंडाला रुमाल बांधलेली. मालकानं आईला झाडायला ठेवलं होतं. त्या खेळांनंतर खुर्च्यांखालून काय झाडावं लागायचं ते मी लिहिणार नाही, तुम्ही जेवून बसला असाल. थोडे दिवस तिनं ते झाडलं. मग एका शुक्रवारी सकाळी तिनं ओला खराटा नेऊन मालकाच्या टेबलावर, त्याच्या पानाच्या डब्यावर आडवा ठेवला आणि म्हणाली, 'नव्या घाणीला नवी बाई बघा.' घरी येऊन तिनं दोनदा आंघोळ केली. शुक्रवारची दुपार झाली आणि तिला कुठं उभं राहायचं ते कळत नव्हतं.

विटाळाची गोष्ट तर गावभर झाली. चिखलीच्या त्या सुनेला घरच्यांनी परत एकटीला बाहेर सोडलं नाही असं कानावर आलं. मी रुमाल लावायचा सोडला होता, त्यामुळे सगळं नीट कानावर आणि नाकावर येत होतं.

शेवटी मी मंडईत गेले. हौसामावशी मेथीच्या जुड्यांवर पाणी मारत बसली होती. मी आधी मेथीचा भाव विचारला, मग कोथिंबिरीचा, मग पालकाचा. ती म्हणाली, 'काय गं, दुकान टाकतीस का?' तेव्हा मी सगळं बोलून गेले. थिनर मी ओतलं. तिथली घाण मला बघवत नव्हती. तुमच्यासाठीच केलं, मावशी. हे शेवटचं वाक्य खोटं होतं, आणि ते बोलून झाल्यावर तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. तिनं एक जुडी झटकली, माझ्या पिशवीत टाकली आणि हात लुगड्याला पुसत म्हणाली:

'ठावं हाय मला. माझा ल्योक बी रंगातच कामाला हाय, त्यो वास मला कळायचा न्हाई व्हय? आन घाण आमाला दिसत न्हवती आसं वाटलं तुला? समदी दिसत व्हती. पर शुक्कुरवारी तिथं बसलं की घरला जाईस्तवर आमाला कुनी हाक मारत न्हवतं, पोरी.'